रंगीत माइंड मॅप काढूनही मार्क का वाढत नाहीत?

एका आईने विचारलंय. मुलगी दहावीला, मराठी माध्यम, स्टेट बोर्ड. वर्षभर व्हिडिओ बघून ती प्रत्येक धड्याचा माइंड मॅप, म्हणजे मधोमध विषय आणि भोवती मुद्द्यांच्या फांद्या असा नकाशा, काढते आहे. एकेकाला दीड-दोन तास लागतात. वही बघेल तो कौतुक करतो. पण इतिहासाचे मार्क होते तिथेच आहेत आणि मराठीतला निबंध अजूनही भरकटतो. "हे सगळं बंद करून सरळ प्रश्नोत्तरं पाठ करायला लावू का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, बंद करू नका. तुमची मुलगी दीड तास एका धड्यासमोर बसते आहे, ही मोठी गोष्ट आहे. फक्त ती तो नकाशा पुस्तक उघडं ठेवून काढते का, एवढं आज संध्याकाळी बघा. मी २२ वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते आहे आणि दर वर्षी अशा चार-पाच मुली माझ्यासमोर असतात. जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर असतं, "हो बाई, पुस्तकात बघूनच काढते, नाहीतर चुकेल ना!" अडचण तिथेच आहे. पुस्तकात बघून काढलेला नकाशा म्हणजे पुस्तकाची सुबक नक्कल. हात चालतो, डोळे चालतात, आठवणीला मात्र काहीच काम पडत नाही. परीक्षेत नेमकं तेच काम असतं.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मी फळ्यावर रंगीत खडूंनी मोठे नकाशे काढायचे आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. एका घटक चाचणीनंतर एक मुलगा म्हणाला, "बाई, उजव्या कोपऱ्यात हिरव्या खडूने तुम्ही काहीतरी लिहिलं होतं, ते डोळ्यांसमोर येत होतं. पण काय लिहिलं होतं ते येईना." मेहनत माझी झाली होती, म्हणून नकाशा माझ्या डोक्यात पक्का होता. त्याच्याकडे फक्त हिरवा रंग उरला होता.

आपल्या मुलांना आकृत्या नवीन नाहीत. कृतिपत्रिकेत, म्हणजे हल्लीच्या प्रश्नपत्रिकेत, 'आकृतिबंध पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' हे ती लहानपणापासून करत आली आहेत. पण तिथे मधला गोल दिलेला असतो, चार फांद्या दिलेल्या असतात, रिकाम्या चौकटीत शब्द बसवायचा एवढंच काम. कोऱ्या कागदावर फांद्या किती आणि कोणत्या हे स्वतः ठरवायचं, हे कौशल्य अगदी वेगळं आहे आणि ते कुणी मुद्दाम शिकवत नाही.

यावर चांगलं संशोधनही झालेलं आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक उतारा दिला. एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढला. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारा गट पुढे होता, आणि चाचणीत नकाशाच काढायला सांगितला तरीही तोच पुढे होता. पण गोष्ट इथे संपत नाही. याच दोघांनी २०१४ साली दाखवलं की उतारा बाजूला ठेवून, आठवून नकाशा काढला तर तो आठवून परिच्छेद लिहिण्याइतकाच उपयोगी पडतो. म्हणजे खोट नकाशात नव्हती, उघड्या पुस्तकात होती.

आता प्रत्यक्षात कसं करायचं ते एका धड्यावर दाखवते. तुमच्या मुलीने आठवीत 'संयुक्त महाराष्ट्र' शिकलेलं आहे, म्हणून तोच घेते. धडा एकदा नीट वाचायचा आणि पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. घरातले पाठकोरे कागद घ्यायचे, चांगली वही नको. पाठकोऱ्या कागदावर चुकायची भीती वाटत नाही. मधोमध 'संयुक्त महाराष्ट्र' लिहायचं आणि दहा मिनिटं निळ्या पेनाने आठवेल ते जोडत जायचं.

पहिल्या खेपेला बहुतेक मुलं काय लिहितात ते मला पाठ झालंय: आचार्य अत्रे, १०६ हुतात्मे, फ्लोरा फाउंटन, १ मे १९६०. झालं, पेन थांबतं. हे चार मुद्दे तर शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतात. या थांबण्याला मुलं घाबरतात आणि पुस्तक आणायला धावतात. तिथे अजून तीन मिनिटं बसायला लावा. स्वतःलाच प्रश्न विचारायचे: मागणी कुठून सुरू झाली? सरकारने कोणत्या समित्या नेमल्या? विरोध कुणाचा होता? एखादी समिती आठवते, एखादा करार अर्धवट आठवतो. अर्धवट आठवलं तेही प्रश्नचिन्ह टाकून लिहायचं.

मग पुस्तक उघडायचं आणि राहिलेलं लाल पेनाने भरायचं. १९४६ चं बेळगावचं साहित्य संमेलन. दार कमिशन. नेहरू, पटेल आणि पट्टाभि सीतारामय्या यांची जेव्हीपी समिती. १९५३ चा नागपूर करार. फाजल अली आयोग. ६ फेब्रुवारी १९५६ ला स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती. १ नोव्हेंबर १९५६ ला आलेलं द्वैभाषिक, म्हणजे मराठी आणि गुजराती भाषकांचं एकत्र राज्य. चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा. ३० नोव्हेंबर १९५७ चा प्रतापगडचा मोर्चा. पहिल्या दिवशी कागद लालभडक होतो आणि मुलं हिरमुसतात. त्यांना मी सांगते, की लाल दिसतंय तेवढाच तुमचा आजचा अभ्यास आहे. निळं तर तुम्हाला येतच होतं, त्यावर वेळ कशाला घालवायचा?

दुसऱ्या दिवशी तोच नकाशा कोऱ्या कागदावर पुन्हा, पुस्तक मिटून. आठवड्याने पुन्हा. प्रत्येक खेपेला लाल कमी होतं. मी मुलांना कागदाच्या कोपऱ्यात लाल मुद्द्यांची संख्या लिहायला लावते: १४, मग ६, मग २. ते दोन कुठले, हे ज्याला परीक्षेआधी माहीत असतं त्याची उजळणी पाच मिनिटांत होते. हे सगळं मिळून एका धड्याला तीन खेपांत जेमतेम पाऊण तास लागतो.

फांदीवर वाक्य लिहायचं नाही, एक ते तीन शब्द पुरेत. 'राजीनामा' एवढं लिहिल्यावर कुणाचा, कशासाठी, हे तोंडाने सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो शब्द अजून तुमचा झालेला नाही.

आणि एक सवय लावा, जी व्हिडिओंमध्ये फारशी दिसत नाही. रेघेवर शब्द लिहायचा. 'माइंड मॅप' हे नाव १९७० च्या दशकात इंग्लंडमधल्या टोनी बुझान यांनी लोकप्रिय केलं. मध्यभागी विषय, भोवती फांद्या, रंग आणि चित्रं ही त्यांची पद्धत. साधारण त्याच काळात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी संकल्पना-नकाशा विकसित केला, आणि त्यात दोन गोष्टींना जोडणाऱ्या रेघेवरही शब्द असतो. मी दोन्हींचं मिश्रण वापरते. 'फाजल अली आयोग' आणि 'द्वैभाषिक' यांच्यामधल्या रेघेवर 'शिफारस', 'द्वैभाषिक' आणि 'प्रतापगड मोर्चा' यांच्यामध्ये 'म्हणून निषेध', 'शाहीर' आणि 'समिती' यांच्यामध्ये 'गावोगाव पोचवली'. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर ही नावं मुलं नुसती यादी म्हणून पाठ करतात. रेघेवर 'गावोगाव पोचवली' लिहिलं, की 'शाहिरांचे योगदान स्पष्ट करा' या प्रश्नाचं उत्तर निम्मं तयार असतं. इतिहासात 'कारणे लिहा' आणि 'सकारण स्पष्ट करा' हेच तर विचारतात. कारण गोलात नसतं, ते रेघेवर असतं.

प्रत्येक धड्याला हे लागू करू नका. क्रम महत्त्वाचा असेल तिथे फांद्यांचा नकाशा गोंधळ करतो. विज्ञानात पेशीच्या सूत्री विभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था एका गोलाभोवती चारी दिशांना मांडल्या तर आधी काय, नंतर काय हेच हरवतं. तिथे सरळ ओघतक्ता. तुलना असेल तिथे दोन रकाने. गणिताला सराव. 'सामाजिक आरोग्य', 'आपत्ती व्यवस्थापन' असे पसरलेले धडे मात्र नकाशावर छान बसतात.

आता निबंध. माझ्या मते नकाशाचा खरा उपयोग इथे आहे आणि इथेच तो सर्वांत कमी होतो.

दहावीच्या मराठीची, म्हणजे कुमारभारतीची, कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ तीन तास. त्यातलं उपयोजित लेखन २४ गुणांचं, आणि त्यात प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एकाला ८ गुण. १८० मिनिटं आणि ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. ८ गुणांना १८ मिनिटं. मी मुलांना तीन मिनिटं नकाशाला, बारा लिहायला आणि तीन वाचून दुरुस्त करायला, अशी वाटणी देते. तीन मिनिटं 'वाया' घालवायला मुलं तयारच नसतात. शेजारच्याचं पेन चालू झालेलं दिसतं आणि हात शिवशिवतात. पण नियोजन न करता लिहिणारा मुलगा सहाव्या ओळीला थांबून छताकडे बघतो, हे मी पर्यवेक्षण करताना शेकडो वेळा पाहिलंय. तीन मिनिटं तिथे जातातच, वर खाडाखोड होते.

गेल्या वर्षी वर्गात 'मी निवृत्त एसटी बोलतेय' हा विषय दिला होता. एका मुलीचा कागद अजून माझ्याकडे आहे, तो जसाच्या तसा सांगते.

पहिल्या दीड मिनिटात तिने सुचेल ते टाकलं, चांगलं-वाईट न बघता: लाल रंग, घाट, खड्डे, डबल बेल, आजीचं गाठोडं, मुलींचा पास, वारी, गणपतीत कोकण, आंदोलनात फुटलेली काच, 'बहुजन हिताय बहुजन सुखाय', वडाप, डेपो, चाकाशी उगवलेलं गवत, भंगार, १ जून १९४८. असे पंधरा शब्द. विषयाचा गोल मधे होताच, पण त्याच्याखाली मी सांगितल्याप्रमाणे तिने एक ओळ लिहिली होती: 'कुठून बोलते? डेपोच्या मागच्या भिंतीशी उभी राहून.' आत्मकथनात बोलणारी वस्तू आत्ता कुठे आहे हे ठरवलं नाही, तर निबंध 'माझा जन्म एका कारखान्यात झाला' इथूनच सुरू होतो. परीक्षकांच्या गठ्ठ्यात तशा सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांना तोटा नसतो.

पुढच्या एका मिनिटात तिने खोडलं. नकाशाचं मोठं काम हे खोडणं आहे. पंधरा शब्दांचे पंधरा मुद्दे केले की प्रत्येकाला एकेक वाक्य मिळतं आणि निबंध यादीसारखा वाचला जातो. वडाप गेलं, खड्डे गेले, वारी आणि कोकण यांतलं कोकण गेलं. '१ जून १९४८' वर ती थांबली. पहिली एसटी त्या दिवशी पुणे ते अहमदनगर धावली, ही माहिती तिला द्यायची होती. पण १९४८ ची गाडी आत्ताआत्ता कशी निवृत्त होईल? कागदावर दोन्ही शब्द समोरासमोर होते, म्हणून विसंगती तिला दिसली. सरळ लिहायला घेतलं असतं तर दिसली नसती. तिने रेघेवर एक शब्द लिहिला: 'पणजी'. निबंधात वाक्य आलं, "माझी पणजी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला निघाली, तेव्हापासून आमच्या घराण्याने कधी कुणाला रस्त्यात सोडलं नाही." त्या वाक्यावर मी वर्गात थांबले होते.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात तिने उरलेल्यांतले मुख्य मुद्दे निवडून त्यांना क्रमांक दिले. हा टप्पा तुमच्या मुलीकडून राहतो आहे, असं तुमच्या वर्णनावरून मला वाटतं. नकाशा चारी दिशांना पसरलेला असतो आणि निबंध एका रेषेत चालतो. क्रमांक दिले नाहीत, तर मुलं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक फांदी लिहीत जातात, आणि तो भरकटल्यासारखा दिसतो. हिचे क्रमांक असे होते: गवत आणि भिंत एक, पणजी दोन, मुलींचा पास तीन, आजीचं गाठोडं चार, फुटलेली काच पाच, भंगार सहा. तीनवर तिने गोल काढला होता. एका फांदीवर रेंगाळायचं असा आमचा नियम आहे. बाकीच्यांना दोन-तीन वाक्यं, तिला पूर्ण परिच्छेद. पासच्या फांदीला तिने तीन काटक्या जोडल्या: सकाळची सहा चाळीसची फेरी, ओले दप्तर, पुढे नर्स झालेली मुलगी. निबंधात तीच मुलगी एक दिवस तिकीट काढून बसते आणि कंडक्टर तिला ओळखतो. हे सगळं तीन मिनिटांच्या कागदावर होतं, लिहिताना तिला काहीही शोधावं लागलं नाही.

कृतिपत्रिकेत बरेचदा आत्मकथनाला किंवा प्रसंगलेखनाला मुद्दे चौकटीत दिलेले असतात. मुलं त्या प्रत्येक मुद्द्याचं एकेक वाक्य करतात आणि मोकळी होतात. दिलेले मुद्दे म्हणजे नुसत्या मोठ्या फांद्या आहेत, त्यांना काटक्या आपण जोडायच्या असतात.

वैचारिक लेखनात नकाशा एका खड्ड्यात नेतो, तेवढं सांभाळा. 'मोबाईल' लिहिलं, की डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे आणि शेवटी 'अतिरेक टाळावा'. मधल्या गोलात नाम न लिहिता प्रश्न लिहायला सांगा: 'मोबाईलमुळे आमच्या घरातलं जेवण कसं बदललं?' फांद्या लगेच वेगळ्या फुटतात, कारण आता उत्तर स्वतःच्या घरात शोधावं लागतं.

परीक्षेत हा नकाशा उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने काढायचा, वर 'कच्चे काम' लिहायचं आणि निबंध संपल्यावर त्यावर तिरकी रेघ मारायची. प्रश्नपत्रिकेवर काढू नये, तिच्यावर आसनक्रमांकाशिवाय काही लिहायचं नसतं. पूर्वपरीक्षेपर्यंत किमान दहा विषयांचे नुसते नकाशे घड्याळ लावून काढले, निबंध न लिहिता, तर तीन मिनिटांची सवय हाताला लागते. त्या दहांपैकी तीन-चार पूर्ण लिहून शिक्षकांना दाखवावेत. नकाशा हे उत्तर नव्हे. मुद्दे सुचतात पण वाक्यं जुळत नाहीत अशी मुलंही असतात आणि त्यांना लिहिण्याचाच सराव लागतो. म्हणून प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यापेक्षा नकाशा समोर ठेवून ती तिच्या शब्दांत लिहून घ्या.

राहिले स्केचपेन. ते काढून घेऊ नका, तिला त्यात आनंद आहे आणि दहावीच्या वर्षात आनंद देणाऱ्या गोष्टी कमी असतात. फक्त क्रम बदला. रंग तिसऱ्या खेपेला, आणि तेही जे दोन-तीन मुद्दे दर वेळी निसटतात त्यांनाच. सगळंच रंगीत असेल तर डोळा कुठेच थांबत नाही.

तुम्हाला एक काम सांगते. रात्री भांडी आवरून झाली की तिचा त्या दिवशीचा पाठकोरा कागद हातात घ्या. धडा तुम्हाला येत नसला तरी चालेल. कुठल्याही एका रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, "हे याला का जोडलंस गं?" तिने दोन वाक्यांत सांगितलं तर पुढच्या रेघेवर जा. अडखळली तर त्या रेघेवर पेन्सिलीने फुली मारा आणि कागद तिला परत द्या. उद्या सकाळी पुस्तक उघडताना तिने त्या फुलीपासून सुरुवात करायची.